रात्रपाळीच्या रेल्वेगाडीच्या चालकाने झोप कशी सांभाळावी: नव्याने कॅबमध्ये (चालकाच्या कक्षात) बसणाऱ्यांसाठी

गाडी चालवायला शिकताना आम्हाला ब्रेक शिकवला, सिग्नल शिकवले, मार्गावरचे चढउतार पाठ करून घेतले. पहाटे पावणेचारला डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं तेव्हा काय करायचं, ते मात्र जुन्या लोकांच्या गप्पांतून उचलावं लागलं, आणि त्यातलं निम्मं चुकीचं निघालं. 'तोंडावर पाणी मार', 'खिडकी उघड', 'होईल रे सवय'. पाण्याचा आणि वाऱ्याचा उपयोग होतो तो घटकाभर. सवय तर होतच नाही. फार तर झोपाळलेल्या अवस्थेची सवय होते, आणि ती जास्त वाईट.

पहिल्याच वर्षातली एक रात्र सांगतो. सरळसोट मार्ग, सगळे सिग्नल हिरवे, पाठीमागे मालगाडीचा तोच तो आवाज. एका स्टेशनाची पाटी दिसली आणि पोटात गोळा आला, कारण त्याच्या आधीचं स्टेशन मला आठवतच नव्हतं. ते गेलं होतं हे नक्की, पण माझ्या समोरून नाही. दक्षता बटण (चालक जागा आहे हे यंत्राला कळावं म्हणून दाबत राहायचं बटण) मी वेळच्या वेळी दाबलेलं होतं, यंत्राच्या नोंदीत एकही चूक नव्हती. हात जागा होता, मी नव्हतो. त्या बटणाची सवय इतकी अंगात मुरते की अर्धवट झोपेतही बोट आपलं काम करत राहतं. म्हणून यंत्रणा ओरडली नाही याचा अर्थ आपण जागे होतो, असा धरायचा नाही.

अशा डुलकीला मायक्रोस्लीप म्हणतात. ती काही सेकंदांची असते आणि कधी कधी डोळे उघडे असतानाच येते. ताशी १०० किलोमीटरच्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. पाच सेकंद डुलकी लागली तर १४० मीटर गाडी कुणीच चालवलेली नसते.

माझा अनुभव असा, की पहाटे चारला कॅबमध्ये करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. तेव्हाची जाग आदल्या दुपारीच ठरून गेलेली असते. म्हणून पुढच्या पायऱ्यांपैकी बऱ्याच कॅबमध्ये बसण्याआधीच्या आहेत.

सोबत काय लागेल

खिशात मावेल अशी वही आणि पेन (मोबाइलमध्येही चालेल, पण झोपेतून उठल्या उठल्या मोबाइल हातात घेतला की पुढचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे). रोस्टरची, म्हणजे पाळ्यांच्या वेळापत्रकाची प्रत. डोळ्यांवरची पट्टी, कानांतले बोळे. दोन गजर, त्यातला एक मोबाइल सोडून दुसरा. घरच्या खिडकीला उजेड अडवणारा जाड पडदा. सध्या चालू असलेल्या औषधांची यादी. आणि तुमच्या रेल्वेचे कामाचे तास, सक्तीची विश्रांती आणि थकवा कळवण्याची पद्धत यांचे नियम, छापील. हे नियम देशोदेशी आणि कंपनीगणिक वेगळे असतात, त्यामुळे दुसरीकडच्या मित्राने सांगितलेलं आपल्याला लागू आहे असं धरू नका.

१. चौदा दिवस नुसती नोंद करा

काहीही बदलायच्या आधी दोन आठवडे वही लिहा. कधी आडवं झालो, कधी जाग आली, कशामुळे आली, साइन ऑन (कामावरची हजेरी) किती वाजता, आणि कामावर असताना सगळ्यात वाईट वेळ कोणती. माझ्या जुन्या वहीतली एक ओळ अशी आहे: 'मंगळ. झोप ९.१०, जाग १२.४० (शेजारी ड्रिल मशीन), मग नाही. साइन ऑन २२.३०. पहाटे ३.४५ ला आठ.'

हे 'आठ' म्हणजे कॅरोलिन्स्का पट्टीवरचा आकडा. झोपेवर काम करणारे लोक जगभर ही १ ते ९ ची पट्टी वापरतात. १ म्हणजे टक्क जागा, ५ म्हणजे ना जागा ना झोपाळलेला, ७ म्हणजे झोप येतेय पण जागं राहायला धडपड करावी लागत नाही, ९ म्हणजे झोपेशी उघड झटापट. नोंद करायला सेकंदभर लागतो, पण ती थांब्यावर करा, चालत्या गाडीत नाही.

वही कशाला हवी? कारण आपला अंदाज चुकतो. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांना सलग १४ दिवस रोज सहाच तास झोपू दिलं. शेवटी त्यांची लक्ष देण्याची क्षमता एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी घसरली होती. त्यांना स्वतःला मात्र थोडीशीच झोप येतेय असं वाटत होतं. 'मला सहा तास पुरतात' म्हणणारा प्रत्येक सहकारी मला तेव्हापासून जरा वेगळा दिसतो.

२. रोस्टर उलटं वाचा

नवा माणूस रोस्टर हातात आलं की साइन ऑनची वेळ बघतो. तुम्ही साइन ऑफपासून, म्हणजे कामावरून सुटण्याच्या वेळेपासून मागे या. सकाळी सहाला सुटणार असाल, तर पहाटे चारला आपण किती तास जागे असू, तो आकडा काढा. आदल्या सकाळी सातला उठलात आणि दुपारी पाठ टेकली नाहीत, तर उत्तर येतं २१ तास.

१९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजून दाखवलं, की सलग १७ तास जागलेल्या माणसाचं काम रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकं बिघडतं, आणि २४ तासांना ते ०.१० टक्क्यांच्या जवळ जातं. कामावर येताना तुमचा श्वास तपासणारं यंत्र यातलं काहीच पकडत नाही. त्यामुळे हा आकडा रोस्टरच्या कडेला पेन्सिलने स्वतःच लिहायचा. माझा नियम १७ चा आहे. पहाटेपर्यंत आकडा १७ च्या वर जात असेल, तर दुपारची झोप ठेवायचीच, पाहुणे येवोत की लग्न असो.

पाळ्यांचा क्रमही बघा. सकाळ, मग दुपार, मग रात्र, असा पुढे सरकणारा क्रम अंगाला सोपा जातो. आपलं आतलं घड्याळ बहुतेकांचं २४ तासांपेक्षा किंचित लांब असतं, त्यामुळे उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जमत नाही. उलट्या क्रमाचं रोस्टर आलं आणि अदलाबदल करायची मुभा असेल, तर ती तिथे वापरा.

३. पहिल्या रात्रीच्या आधीची दुपार

रात्रपाळ्यांच्या मालिकेत पहिली रात्र सगळ्यात फसवी. आदल्या रात्री आपण नेहमीसारखे झोपलेले असतो, म्हणून वाटतं गडी ताजा आहे. दिवसभर घरची कामं उरकून माणूस रात्री दहाला कामावर येतो.

दुपारी दोन ते चार ही अंगाची नैसर्गिक मंद वेळ. त्या वेळात दीड तास झोपा. झोपेचं एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचं असतं, त्यामुळे दीड तासाने उठताना जड वाटण्याची शक्यता कमी. तेवढा वेळ नसेल तर २० मिनिटं. पाऊण तासाची झोप शक्यतो टाळा, कारण गाढ झोपेच्या मधोमध गजर वाजतो आणि उठलेला माणूस कुणावर तरी खेकसतो. झोप लागली नाही तरी अंधारात पडून राहा. 'झोप येत नाही' म्हणून उठून पडदा सारणारे मी पुष्कळ पाहिले, मीही त्यातलाच होतो.

४. पहाटेची पाळी: तिला रात्रपाळीइतकंच घाबरा

रात्रपाळीला सगळे घाबरतात, म्हणून तयारी करतात. पहाटे साडेचारच्या साइन ऑनला 'सकाळची पाळी' म्हणतात आणि तिथेच फसतात. हिशोब करा. साडेचारला कामावर, म्हणजे पावणेचारला घर सोडायचं, तीनला उठायचं. सात तास हवेत तर रात्री आठला झोप लागायला हवी. पण रोज अकराला झोपणाऱ्या माणसाचं शरीर संध्याकाळी आठ ते दहा या वेळात सगळ्यात घट्ट जागं असतं. तुम्ही दिवे मालवून पडता, झोप येत नाही, घड्याळ बघता, उरलेले तास मोजता, आणि मोजण्यामुळे आणखी येत नाही. शेवटी चार तास झोपून निघता. असं सलग पाच दिवस झालं की आठवड्याअखेर पंधरा तासांचं कर्ज.

२०१३ च्या १ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये सकाळी सातनंतर एक लोकल गाडी ताशी ३० मैलांची मर्यादा असलेल्या वळणावर ८२ मैलांच्या वेगाने शिरली आणि रुळांवरून उतरली. चार माणसं गेली. चालक डुलकीत होता. चौकशीत दोन गोष्टी निघाल्या: दोनच आठवड्यांपूर्वी तो दुपारच्या पाळीवरून पहाटेच्या पाळीवर आला होता, आणि त्याला घोरण्याशी संबंधित झोपेचा विकार होता, ज्याचं निदानच झालं नव्हतं. वेळ बघा. लख्ख उजाडलेलं होतं.

मग करायचं काय? आठला झोपायचा हट्ट पहिल्या दिवशी सोडा. मालिका सुरू व्हायच्या दोन-तीन दिवस आधीपासून रोज अर्धा-पाऊण तास लवकर उठा. उठणं लवकर झालं की झोप आपोआप अलीकडे सरकते. उठल्या उठल्या बाहेर उजेडात जा. संध्याकाळी सातनंतर घरातले मोठे दिवे बंद, मोबाइलचा उजेड कमी. गजर दोन लावा, कारण गजर चुकेल या धास्तीने झोप उथळ होते. दुसरा गजर त्या धास्तीवरचा इलाज आहे. आणि कामावरून दुपारी घरी आल्यावर २० मिनिटांची झोप चालेल, दोन तासांची नको. नाहीतर रात्री पुन्हा तेच नाटक.

५. रनिंग रूममध्ये

रनिंग रूम म्हणजे घरापासून लांब गाडी पोहोचवल्यावर चालकाने विश्रांती घ्यायची रेल्वेची जागा. परक्या जागेतली झोप घरासारखी नसते, ते मान्य करून चाला. पोहोचलात की आधी झोप, मग बाकीचं. मी बरीच वर्षं उलटं करायचो: आंघोळ, गप्पा, कपडे धुणं, आणि मग उरलेल्या तीन तासांत पाठ टेकायची. दाराजवळचा आणि जिन्याजवळचा पलंग टाळा. खोली थंड ठेवता येत असेल तर ठेवा. थंड, काळोखी, शांत, याच क्रमाने मला महत्त्व वाटतं. पट्टी आणि बोळे इथेच कामी येतात.

बोलावणं आल्यावर उठून थेट कॅबमध्ये जाऊ नका. गाढ झोपेतून उठल्यावर पंधरा ते तीस मिनिटं डोकं पूर्ण चालत नाही. या काळात माणूस बोलतो, सही करतो, आणि वेगमर्यादेचा कागद वाचूनही त्यातलं डोक्यात काही उतरत नाही. तो अर्धा तास उजेडात आणि पायांवर काढा, आणि कागद त्यानंतर पुन्हा एकदा वाचा.

६. कॅबमध्ये

पहाटे तीन ते सहा ही शरीराची सगळ्यात खालची वेळ. अंगाचं तापमान याच सुमारास तळाला जातं, म्हणून थंडी वाजते आणि हात हीटरकडे जातो. उबदार कॅब म्हणजे पाळणा. जॅकेट घाला, पण कॅब थोडी गारच ठेवा.

सिग्नल मोठ्याने म्हणा आणि बोट दाखवून म्हणा, सोबत दुसरा माणूस असो वा नसो. जपानच्या रेल्वेत ही पद्धत जुनी आहे. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ साली घेतलेल्या चाचणीत, साध्या कामातल्या चुका बोट दाखवून बोलल्यावर सुमारे ८५ टक्क्यांनी कमी झाल्या. पहिले काही दिवस एकट्याने बोलताना वेडगळ वाटतं. पण इथे एक मेख आहे: हेसुद्धा बटणासारखं पाठ होतं. तुम्ही 'हिरवा' म्हणालात आणि म्हणून झाल्यावर सिग्नलकडे पाहिलंत, असं झालं, तर समजा की पाणी डोक्यावरून चाललंय.

आणखी खुणा सांगतो. वेग ठरलेल्या आकड्याच्या खालीवर डोलायला लागतो. तोच विचार तिसऱ्यांदा येतो. पापणी मिटल्यावर उघडायला वेळ लागतो. मान सावरावी लागली, तर डुलकी लागून गेली आहे, येणार आहे असं नाही. पट्टीवर ७ आला की सोबतच्याला किंवा गार्डला शब्दांत सांगा, 'मला झोप येतेय, बोलत राहा.' ८ आला की नियंत्रण कक्षाला कळवा आणि पुढच्या थांब्यावर काय करता येईल ते विचारा. नऊची वाट बघू नका. नऊला फोन करायचं सुचत नाही.

गाडी उभी असताना वीस मिनिटांची झोप घ्यायला काही रेल्वेत ठरलेल्या अटींवर परवानगी असते, पुष्कळ ठिकाणी नसते. तुमच्याकडचा नियम साइन ऑनच्या आधी वाचून ठेवा, पहाटे चारला नाही.

७. चहा, कॉफी आणि गोळ्या

कॅफिनचा असर सुरू व्हायला साधारण अर्धा तास लागतो, आणि शरीरातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे पाच तास. म्हणजे पहाटे तीनला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन सकाळी आठलाही अंगात असतं, नेमकं तुम्ही झोपायला जाता तेव्हा. म्हणून पाळीच्या पहिल्या निम्म्यात थोडं थोडं घ्या, झोपण्याआधीच्या पाच-सहा तासांत बंद. वीस मिनिटांच्या डुलकीची परवानगी आणि वेळ दोन्ही असेल, तर आधी कॉफी आणि लगेच झोप. उठेपर्यंत ती कामाला लागते.

सर्दी-खोकल्याची आणि ॲलर्जीची पुष्कळ औषधं झोप आणतात, आणि ती चिठ्ठीशिवाय मिळतात म्हणून निरुपद्रवी वाटतात. डॉक्टरला 'मी रेल्वे चालवतो' हे पहिल्या वाक्यात सांगा. दिवसा झोप यावी म्हणून दारू घेणारे भेटतील. तिने झोप लवकर लागते आणि दोन-तीन तासांनी मोडते. झोपेच्या गोळ्या कुणाच्याही सल्ल्याने घेऊ नका, रेल्वेच्या डॉक्टरलाच विचारा.

८. घरी जाताना आणि दिवसा झोपताना

हजार माणसं सुखरूप पोहोचवून माणूस स्वतः मोटरसायकलवर डुलकी घेतो. रात्रपाळीनंतरचा घरचा रस्ता कॅबइतकाच धोक्याचा आहे, आणि तिथे दक्षता बटणही नाही. बस, रेल्वे, सहकाऱ्याची गाडी, काहीही चालेल. स्वतःच चालवायची असेल, तर आधी डेपोतच २० मिनिटं झोपा आणि मग डोकं ताळ्यावर येईपर्यंत जरा फिरा.

सकाळचा उजेड आतल्या घड्याळाला 'दिवस सुरू' सांगतो. गाडी दुसरं कुणी चालवत असेल तर गडद चष्मा लावा, स्वतः चालवत असाल तर लावू नका. घरी पोहोचल्यावर एक तासाच्या आत पलंगावर. दिवसाची झोप कितीही केली तरी रात्रीच्या झोपेपेक्षा एक ते चार तास कमीच भरते, म्हणून ती दोन तुकड्यांत घ्या: सकाळी मोठा, कामावर जाण्याआधी लहान.

घरच्यांशी हे एकदा नीट बोलून घ्या. आमच्याकडे आईला वाटायचं, दिवसा झोपलेला माणूस म्हणजे मोकळा माणूस. दूध आलंय, कुरिअर आलंय, मामांचा फोन आहे. शेवटी मी तिला विचारलं, 'तुला रात्री दोन वाजता पाच वेळा उठवलं तर?' तेव्हापासून बेलवर कागद चिकटतो. फोन शांत ठेवा, फक्त घरचा एक आणि डेपोचा एक नंबर वाजू द्या.

९. घोरण्याची चाचणी

सात तास झोपूनही थकवा जात नसेल, घोरणं मोठं असेल, किंवा घरचं कुणी म्हणत असेल की झोपेत तुमचा श्वास मध्येच थांबतो, तर बाकीच्या सगळ्या पायऱ्या बाजूला ठेवा आणि आधी ही करा. स्लीप ॲप्नियात श्वास रात्रीतून कित्येक वेळा अडतो, झोप तुटते, आणि तुम्हाला त्यातलं काही आठवत नाही. २००३ च्या फेब्रुवारीत जपानमध्ये एक बुलेट ट्रेन ताशी २७० किलोमीटरच्या आसपास धावत असताना तिचा चालक सुमारे आठ मिनिटं झोपला होता. स्वयंचलित यंत्रणेने गाडी ओकायामा स्टेशनात थांबवली, म्हणून कुणाला इजा झाली नाही. त्या चालकाला हाच विकार निघाला.

तपासणीला जाताना न्यायचं: दोन आठवड्यांची वही, औषधांची यादी, रक्तदाबाचे जुने कागद, रोस्टर, आणि शक्य असेल तर घोरणं ऐकलेला माणूस. चाचणी एका रात्रीची असते, काही वेळा घरीच यंत्र लावून होते. उपचार बहुतेकदा मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या सीपॅप यंत्राचा. 'निदान झालं तर नोकरी जाईल' ही भीती मला रोज कुणीतरी सांगतं. उपचार नीट चालू असलेल्या चालकांना अनेक रेल्वे कामावर परत घेतात. तुमच्याकडे काय पद्धत आहे ते युनियनच्या माणसाकडून आधी विचारून घ्या, पण तपासणी त्यासाठी अडवू नका.

१०. 'आज नाही जमणार' हे कसं सांगायचं

सगळ्यात अवघड पायरी हीच, आणि नवीन माणसाला तर फारच. माझ्या पहिल्या पर्यवेक्षकाला मी 'साहेब, थकलोय' म्हणालो होतो. त्यावर उत्तर आलं, 'कोण नाही थकत?' चूक माझीही होती. भावना सांगितली की वाद होतो, आकडे सांगितले की नोंद करावी लागते. आता मी असं बोलतो: 'गेल्या २४ तासांत झोप साडेतीन तास. साइन ऑफपर्यंत १९ तास जागा असेन. आत्ता पट्टीवर ७ आहे. गाडी घेणं सुरक्षित नाही, कृपया नोंद घ्या.'

हे साइन ऑनच्या आधी सांगा, गाडी ताब्यात घेतल्यावर नाही. शक्यतो लेखी द्या, आणि फॉर्म असेल तर त्याची प्रत मागा. प्रत मिळाली नाही, तर कुणाला सांगितलं, किती वाजता सांगितलं आणि काय उत्तर मिळालं, ते त्याच वहीत त्या दिवसाच्या झोपेच्या ओळीखाली लिहून ठेवा.